चार्जिंगच्या प्लगची परीक्षा : तेरेखोलपासून अँटॉप हिलपर्यंत

विजेवर चालणाऱ्या गाडीचा चार्जिंग प्लग हातात घेतला तर एकच वस्तू वाटते. पेटंट कार्यालयात मात्र तो सुटा होऊन येतो. तांब्याच्या मिश्रधातूच्या पिना, त्यांवरचा चांदीचा मुलामा, पाणी आत न येऊ देणारी रबरी कड, चार्जिंग चालू असताना प्लग निघू नये म्हणून बसवलेला खटका, पिन तापल्याची खबर देणारा संवेदक, गाडी आणि चार्जर यांच्यात संदेश नेणारी बारीक तार. यांतल्या प्रत्येक भागावर वेगळा अर्ज होऊ शकतो, आणि जगभर तसे अर्ज झालेही आहेत. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा जोडण्यांसाठी २०१९ पासून 'बी६०एल ५३/१६' हे स्वतंत्र घर आहे. त्याआधी हे अर्ज गाडीच्या बॅटरीच्या मोठ्या गठ्ठ्यात मिसळलेले असत. प्लग आणि सॉकेट यांचे जुने घर 'एच०१आर' हे आहे. परीक्षकाला दोन्ही घरे धुंडाळावी लागतात, कारण गाडीच्या प्लगमधली 'नवी' युक्ती कधी जहाजावरच्या, तर कधी खाणीतल्या जुन्या प्लगमध्ये सापडते.

गोव्यातून असा अर्ज निघाला तर तो मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा आणि दमण-दीव, दादरा-नगर हवेली हा त्या कार्यालयाचा प्रदेश आहे. आज ही गोष्ट साधी वाटते. पण पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या बाबतीत शोधाचा हक्क कुठे मागायचा, या प्रश्नाला दोनशे वर्षांत अनेकदा वेगळे उत्तर मिळाले आहे.

हे दोन्ही तालुके नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या प्रदेशात, मोडतात. डिचोली पोर्तुगीजांकडे १७८१ मध्ये आली. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून त्यांच्या ताब्यात गेले. त्यानंतर जवळजवळ पावणेदोन शतके तेरेखोल नदी दोन राज्यांची सीमा होती, आणि कायद्याच्या दृष्टीने ती तीन व्यवस्थांच्या सांध्यावरून वाहत होती. एका काठाला पोर्तुगीज राज्य, दुसऱ्या काठाला सावंतवाडीचे संस्थान आणि त्यापलीकडे ब्रिटिशांचा मुंबई इलाखा. नदीतून माल, माणसे आणि कारागिरी सहज ये-जा करीत. शोधाचा हक्क मात्र नदी ओलांडत नसे.

ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला पेटंट कायदा १८५६ चा. त्याखालचा पहिला अर्ज त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कलकत्त्याचे अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी केला. विषय होता छताचा पंखा ओढण्याचे सुधारलेले यंत्र. राणीची आगाऊ संमती घेतली नव्हती म्हणून तो कायदा वर्षभरातच मागे घ्यावा लागला. १८५९ मध्ये नवा कायदा झाला आणि त्यात १४ वर्षांचा 'एकमेव अधिकार' देण्याची तरतूद आली. १८८८ मध्ये आणखी एक कायदा आला. १९११ चा पेटंट आणि डिझाइन कायदा १ जानेवारी १९१२ पासून लागू झाला, आणि त्याने पेटंट नियंत्रक हे पद निर्माण केले. अर्जाकडे पाहून शोध प्रथमदर्शनी तरी नवीन दिसतो का, हे विचारण्याची जबाबदारी पहिल्यांदा एका अधिकाऱ्यावर नीट सोपवली गेली ती याच कायद्याने. पण हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, संस्थानांना तो आपोआप लागू नव्हता. काही मोठ्या संस्थानांनी आपले वेगळे कायदे केले होते. त्यामुळे मुंबईत चालणारा हक्क सावंतवाडीच्या हद्दीत चालेलच असे नव्हते, आणि पेडण्यात तर तो मुळीच चालत नसे.

पेडण्याच्या काठावरची व्यवस्था लिस्बनहून येई. शोधांच्या हक्काबद्दल पोर्तुगालचा पहिला हुकूम १८३७ चा आणि दुसरा १८५२ चा. औद्योगिक मालमत्तेचा विस्तृत कायदा १८९६ मध्ये आला. १८८३ च्या पॅरिस कराराच्या ११ संस्थापक देशांत पोर्तुगालही होता. एका देशात अर्ज केल्यावर ठरावीक मुदतीत दुसऱ्या देशात अर्ज केला, तर पहिली तारीखच धरली जाते, हा त्या कराराचा गाभा. भारत या करारात ७ डिसेंबर १९९८ रोजी सामील झाला. म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट व्यवहाराशी पणजीवर राज्य करणाऱ्या लिस्बनचे नाते दिल्लीच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचे होते. गोव्याच्या इतिहासात ही नोंद सहसा येत नाही, ती यायला हवी.

त्या जुन्या नात्यात मात्र परीक्षा नव्हती. पोर्तुगालचा १८९६ चा कायदा फ्रेंच वळणाचा होता. कागदपत्रे पुरी असली आणि शुल्क भरले असले की पेटंट मिळे. शोध खरोखर नवा आहे का, हे सरकार आधी पाहत नसे. फ्रान्समध्ये तर अशा वस्तूंवर 'सरकारच्या हमीविना' असे छापण्याचीच रीत होती. भांडण झाले तर ते न्यायालयात सुटायचे. ही पद्धत स्वस्त आणि जलद होती, पण तिचा भार कमकुवत पक्षावर पडे. पोकळ पेटंट खोडून काढायचे तर वकील, पुरावे आणि वर्षे खर्ची घालावी लागत. डिचोलीतल्या समया करणाऱ्या कासारांच्या किंवा तिथल्या कुंभारांच्या कारागिरीला कागदी व्यवस्थेत जागाच नव्हती. उद्या कुणी त्यांचीच जुनी युक्ती स्वतःच्या नावावर नोंदवली असती, तर त्यांना ती परत मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली असती. आधी परीक्षा घेणाऱ्या पद्धतीचा खरा लाभ इथे आहे. ती अर्जदाराला अडवते आणि जो अर्ज करत नाही त्याला राखते.

पोर्तुगालची १९४० ची औद्योगिक मालमत्ता संहिता समुद्रापलीकडच्या प्रांतांना २० फेब्रुवारी १९५९ च्या हुकमाने लागू झाली. त्यानंतर गोव्यातली पोर्तुगीज सत्ता तीन वर्षेही टिकली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी भारत सरकारला पेटंट कायद्यावरचा अहवाल सादर केला. भारतातली बहुतांश पेटंटे परकीयांच्या हाती आहेत आणि त्यांतली पुष्कळशी देशात वापरातच आणली जात नाहीत, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. परीक्षा कठोर असावी आणि पेटंटचा वापर देशात व्हावा, हे त्यांचे म्हणणे पुढे १९७० च्या कायद्यात उतरले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याने जुने पोर्तुगीज कायदे बदलले जाईपर्यंत चालू ठेवले आणि भारतीय कायदे टप्प्याटप्प्याने आणण्याची वाट मोकळी केली. कौटुंबिक बाबींत पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालू आहे, शोधांच्या बाबतीत तो संपला. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला तेव्हा पेडणे, सावंतवाडी आणि मुंबई पहिल्यांदा एकाच तपशीलवार परीक्षेच्या कायद्याखाली आली.

या परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिला सोपा : हीच गोष्ट आधी कुठे छापली गेली आहे का, वापरली गेली आहे का? दुसरा अवघड : गोष्ट नेमकी तीच नसली तरी त्या धंद्यातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का? दुसऱ्या प्रश्नाचे भारतीय उत्तर मिर्झापूरच्या भांड्यांवरून घडले. लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या एका साधनाला १९५१ पासून लागू असलेले पेटंट मिळाले होते. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ते पेटंट रद्द ठरवले. कसबी कारागीर नेहमीच्या कामात जी सुधारणा करील तेवढ्यावर हक्क मिळत नाही, त्यापलीकडे काहीतरी असावे लागते, असा निकालाचा आशय आहे. कायद्याच्या व्याख्येत 'शोधाची पायरी' हे शब्द २००२ च्या दुरुस्तीने आले आणि त्यांना आजचे रूप २००५ मध्ये मिळाले. त्या निकालाची छाया आजही प्रत्येक यांत्रिक अर्जावर पडते.

प्लगसारख्या वस्तूला याहून जवळून भिडते ते कलम ३(फ). माहीत असलेली साधने नुसती शेजारी शेजारी मांडली, प्रत्येक आपले जुनेच काम सुटेपणाने करत राहिले, तर तो शोध मानला जात नाही. चार्जिंग प्लगमध्ये खटका जुना, रबरी कड जुनी, उष्णता मोजणारा संवेदकही जुना. तिन्ही एका मुठीत आणणे ही मांडणी की शोध? बहुतेक हरकती याच जागी येतात, आणि बहुतेक अर्जांचे भवितव्यही इथेच ठरते.

उत्तर शोधायचे तर प्लगच्या आत जे घडते ते पाहावे लागते. घरातल्या १५ अँपिअरच्या तीन पिनी प्लगला जे चालते, ते २०० अँपिअरला चालत नाही. दोन धातूंच्या स्पर्शात केवळ १ मिलिओहम रोध असला तरी २०० अँपिअर वाहताना त्या एका सांध्यावर ४० वॅट उष्णता निर्माण होते. पिनवर मीठ, धूळ किंवा गंज बसला की रोध वाढतो, उष्णता वाढते, उष्णतेने स्प्रिंग ढिली पडते आणि रोध आणखी वाढतो. मोरजी-हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या लाल धुळीत हे चक्र लवकर सुरू होते. समजा एखाद्या अर्जात म्हटले आहे, की संवेदक पिनच्या मुळाशी बसवला आहे, तापमान वाढताच तो चार्जरला प्रवाह कमी करायला सांगतो आणि पिन थंड होईपर्यंत खटका उघडूच देत नाही. आता संवेदक आणि खटका सुटे राहिले नाहीत, एकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून आहे. असा दावा कलम ३(फ) च्या तडाख्यातून वाचण्याची शक्यता असते. तोच अर्ज 'संवेदक आणि खटका असलेला प्लग' एवढेच म्हणत असेल तर वाचत नाही. अर्जातले शब्द कसे बांधले आहेत, यावर सगळे ठरते, आणि इथे दावे लिहिणाऱ्याचे कौशल्य शोधकाच्या कौशल्याइतकेच मोलाचे ठरते.

मग जुन्या ज्ञानाचा शोध येतो. घरगुती विजेच्या सुट्या प्लगचे अमेरिकी पेटंट हार्वे हबेल यांना १९०४ मध्ये मिळाले. भूसंपर्काची पिन बाकीच्या पिनांहून लांब ठेवायची, म्हणजे ती आधी जुळते आणि शेवटी सुटते, ही युक्ती भारतातल्या तीन पिनी प्लगमध्ये पूर्वापार आहे आणि गाडीच्या प्लगने ती जशीच्या तशी घेतली. गाडी जोडली आहे की नाही हे कळल्याखेरीज वीज सोडायची नाही, हे आजच्या चार्जिंगचे मर्म. त्यासाठी एका तारेवरून १ किलोहर्ट्झचा संकेत जातो. गाडी नसताना तिथे १२ व्होल्ट असतात, गाडी जोडली की ९, गाडीने वीज मागितली की ६. या तारेला 'कंट्रोल पायलट' म्हणतात. (गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर उतारू नेणारा. वाट दाखवणारा हाच दोन्हींमागचा मूळ अर्थ.) खाणयंत्रांच्या लांब केबलांतही भूसंपर्क शाबूत आहे का हे पाहणारी पायलट तार फार आधीपासून असे. म्हणून पायलट तार आहे, एवढ्याने कुणाला गाडीच्या प्लगवर हक्क मिळू शकत नाही. त्या तारेवरून आणखी काय सांगितले जाते, ते नवे असावे लागते. तेही निव्वळ संगणक प्रणाली म्हणून मांडले तर कलम ३(के) आड येते.

आकारावर हक्क हवा असेल तर वाट निराळी. २००० चा डिझाइन कायदा दिसण्याला संरक्षण देतो आणि त्याचे कार्यालय कोलकात्यात आहे. पण जो आकार केवळ कामाच्या गरजेने ठरला, त्याला तिथे जागा नाही. प्लगच्या तोंडाचा आकार सॉकेटने ठरतो, तेव्हा तोंडाला संरक्षण मिळणे कठीण. हाताच्या मुठीला, तिच्या वळणाला मिळू शकते.

प्लगच्या इतिहासात सर्वांत मोठ्या लढाया पेटंट मिळवण्यावरून झाल्या नाहीत, मिळालेल्या पेटंटचे करायचे काय यावरून झाल्या. १९९० च्या दशकात जनरल मोटर्सच्या ईव्ही१ गाडीला चुंबकीय पाते सरकवून, धातूचा स्पर्श न होता वीज दिली जाई. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाने प्रत्यक्ष स्पर्शाची जोडणी निवडली आणि ते पाते इतिहासजमा झाले. नंतर जपानच्या याझाकी कंपनीची पाच पिनांची रचना अमेरिकेत रूढ झाली. जर्मनीच्या मेनेकेस कंपनीने २००९ मध्ये सात पिनांची, वरच्या बाजूने सपाट अशी रचना आणली. फ्रान्स आणि इटलीतल्या कंपन्यांनी बोट आत जाऊ नये म्हणून पिनांवर झाकणे असलेली तिसरी रचना पुढे केली. २०११ च्या आंतरराष्ट्रीय मानकात तिन्ही सामावल्या गेल्या. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात दुसरी, म्हणजे 'टाइप २', निवडली. तिसरी जवळजवळ नाहीशी झाली. तिच्यात सुरक्षेची सोय होती, पण एकाच खंडात दोन प्लग ठेवणे कुणालाच परवडणारे नव्हते.

जो प्लग सगळ्यांनी वापरायचा, त्याचा हक्क एकाच्या हाती कसा राहावा? पेटंट दुसऱ्याला मनाई करण्याचा अधिकार देते. प्लगची किंमत मात्र किती गाड्यांत आणि किती ठिकाणी तो बसतो यावर असते. ज्याने मनाई केली त्याचाच प्लग एकटा पडला, असे पुन्हा पुन्हा झाले आहे. टेस्ला कंपनीने जून २०१४ मध्ये सद्भावनेने तंत्र वापरणाऱ्यांवर पेटंटचे खटले भरणार नाही असे जाहीर केले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या प्लगची रचना इतरांसाठी खुली केली. मानकाचा भाग झालेल्या पेटंटचा परवाना रास्त, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर द्यावा, हा आता सर्वमान्य दंडक आहे.

भारताची वाट दुचाकीतून गेली. २०१७ च्या 'भारत एसी-००१' चार्जरमध्ये उद्योगांत वापरले जाणारे साधे गोल सॉकेट घेतले होते, नवा प्लग शोधलाच नव्हता. स्वस्ताईसाठी ती निवड योग्य होती, पण स्कूटरला जलद चार्जिंग त्यातून मिळेना, आणि मोटारीचा मोठा प्लग स्कूटरच्या अंगाला झेपत नव्हता. बंगळुरूच्या एथर एनर्जीने एसी आणि डीसी दोन्ही एकाच लहान तोंडातून देणारी रचना विकसित केली आणि २०२१ मध्ये ती इतर वाहन उत्पादकांना खुली केली. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १७०१७ या मालिकेत हलक्या वाहनांसाठी तिला मान्यता दिली. देशात जन्मलेली एसी-डीसी एकत्र जोडणी मानक होण्याची ही पहिली वेळ होती. स्कूटर आणि मोटारसायकलवर जगणाऱ्या गोव्यासारख्या राज्याच्या दृष्टीने मोटारीच्या प्लगपेक्षा हा निर्णय महत्त्वाचा आहे.

गोव्याने विद्युत वाहनांचे धोरण २०२१ मध्ये आणले. कदंब महामंडळाच्या ताफ्यात विजेच्या बसगाड्या आल्या. पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली आणि तालुक्यात टॅक्सींची वर्दळ वाढली. त्याच तालुक्यात तुये इथे इलेक्ट्रॉनिक उत्पादन संकुलासाठी जागा राखलेली आहे. तिथल्या किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कार्यशाळेने खाऱ्या हवेत न गंजणारी पिन बनवली, तर तिच्या अर्जाची वाट आज अशी असेल.

अर्ज इंटरनेटवरून मुंबई कार्यालयाच्या नावे दाखल होतो. कार्यालय अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. परीक्षक मात्र तिथलाच असेल असे नाही, कारण अर्ज विषयानुसार देशातल्या चारही पेटंट कार्यालयांत वाटले जातात. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर पेटंट मिळेपर्यंत कुणीही विरोध नोंदवू शकतो. ज्याच्या घरात ती युक्ती आधीपासून चालत आली आहे असा कासारही. परीक्षेची मागणी वेगळी करावी लागते. तिची मुदत पूर्वी ४८ महिने होती, २०२४ च्या नियमांनी ती ३१ महिन्यांवर आणली. नवउद्योग आणि महिला अर्जदार जलद परीक्षा मागू शकतात. पहिला परीक्षा अहवाल आला की उत्तराला ६ महिने मिळतात. समाधान झाले नाही तर नियंत्रकापुढे सुनावणी होते, आणि ती आता दूरदृश्य पद्धतीने होत असल्याने पेडण्याहून मुंबई गाठावी लागत नाही. पेटंट मिळाल्यावरही एक वर्षापर्यंत विरोध करता येतो. हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकतो, ठरलेले नूतनीकरण शुल्क भरत राहिल्यास. त्या हिशेबाने २००९ च्या सुमारास प्लगवर झालेले पहिले मोठे अर्ज २०२९ च्या आसपास सर्वांना मोकळे होतील.